लहान पक्षाचं काम अंगावर घेताना: यादी, सूचक, बूथ, हिशेब

केंद्रनिहाय (धागाकर्ता)

दोन्ही मोठ्या आघाड्यांपैकी कुणाचंच काम करायचं नाही, पण नुसतं घरी बसून बोटं मोडायची नाहीत, असं म्हणणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यातले जे खरंच एखाद्या लहान पक्षात उतरतात ते बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरुवात करतात: उमेदवार कोण, सभा कुठे, फ्लेक्सवर फोटो कुणाचा. लहान पक्ष मार खातो तो मतदार यादीत, सूचकांच्या (उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांच्या) सह्यांत आणि मतदान केंद्रातल्या रिकाम्या खुर्चीवर. म्हणून हा धागा विचारसरणीवर नाही, कामावर आहे. कोणता पक्ष ते ज्याचं त्याने ठरवावं.

पहिली गोष्ट, आपण कुठल्या खात्यात मोडतो ते समजून घ्या. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९-अ खाली नोंदलेला पक्ष म्हणजे मान्यताप्राप्त पक्ष नव्हे. आपण 'नोंदणीकृत, अमान्यताप्राप्त' या वर्गात असतो. त्यामुळे राखीव चिन्ह नाही, मतदार यादीच्या फुकट प्रती नाहीत, बीएलओसोबत (मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यासोबत) काम करणारा अधिकृत बूथस्तरीय प्रतिनिधी नेमता येत नाही, आणि उमेदवाराला एका सूचकाऐवजी दहा सूचक लागतात. या चारही गोष्टींची भरपाई माणसांनी करावी लागते.

नव्याने येणाऱ्याने पद मागू नये, एक मतदान केंद्र मागावं. निवडणूक आयोगाने एका केंद्राची कमाल मर्यादा १,५०० वरून १,२०० मतदारांवर आणली आहे. १,२०० मतदार म्हणजे साधारण तीनशे-साडेतीनशे घरं. दोघांनी मिळून संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत बारा-पंधरा घरं केली तर पंचवीसेक संध्याकाळी लागतात. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून त्या भागाची पीडीएफ उतरवा, एका बाजूला छापा, आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करा: इथेच राहतो, स्थलांतरित, मयत, दुबार. ज्या घरात अठरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी यादीत नाही, त्या घराला वेगळी खूण. नाव नोंदवायला नमुना ६, वगळायला ७, पत्ता किंवा चूक दुरुस्तीला ८. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात) आहेत, त्यामुळे 'निवडणूक आली की बघू' म्हणायचं कारण उरलेलं नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फॉर्मांचा गठ्ठा गोळा करून स्वतः नेऊन देणं. गठ्ठ्यावर संशय येतो, चौकशी लागते आणि खरे अर्जही अडकतात. ज्याचा अर्ज त्यालाच त्याच्या मोबाईलवरून भरायला बसवा किंवा बीएलओच्या हातात द्यायला लावा. नमुना ७ तर फार जपून. खोटं निवेदन केलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, आणि सही करणारा कार्यकर्ता अडकतो, पक्ष नाही.

ही पेन्सिलीची यादी म्हणजेच पक्षाची खरी मालमत्ता. सूचक, पोलिंग एजंट (मतदान केंद्रात बसणारे उमेदवाराचे प्रतिनिधी), चिठ्ठ्या वाटणारे, सगळे याच यादीतून निघतात.

सूचकदहा

उत्तम सुरुवात. उमेदवारी अर्जाचं मी लिहितो, कारण लहान पक्षांचे अर्ज छाननीत उडतात ते ठरावीक कारणांनीच.

विधानसभेला नमुना २-ब. त्यातला भाग १ मान्यताप्राप्त पक्षांसाठी, आपला भाग २. दहा सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत, आणि प्रत्येकाचा यादीभाग क्रमांक व अनुक्रमांक आज लागू असलेल्या यादीतला हवा. पुनरीक्षण झालं की क्रमांक सरकतात. गेल्या वेळच्या कागदावरून उतरवलेले आकडे हे अर्ज अडचणीत येण्याचं पहिलं कारण. दुसरं, अंगठा. सही न करणाऱ्या सूचकाचा अंगठा निवडणूक निर्णय अधिकारी किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. घरी शाईच्या पॅडवर घेतलेला अंगठा चालत नाही. तिसरं, उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातला मतदार असेल तर त्याच्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत. ती लोक विसरतात आणि छाननीच्या सकाळी तहसील कार्यालयाकडे पळत सुटतात.

एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. चारही भरा आणि प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या. एका संचातला एक सूचक बाद झाला तर तो संच जातो, उमेदवारी वाचते. अनामत एकदाच भरायची: विधानसभेला १०,००० रुपये, लोकसभेला २५,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी.

नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र एकही रकाना रिकामा न सोडता भरायचं. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं, रेघ मारायची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर रिकामे रकाने दिसले तर अधिकारी ते भरायची नोटीस देतो, तरीही न भरल्यास अर्ज फेटाळता येतो. उमेदवार, जोडीदार आणि अवलंबित, सगळ्यांच्या मालमत्तेचे रकाने तपासा. जोडीदाराच्या पॅनचा आणि विवरणपत्राचा रकाना हटकून राहतो.

एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारं पक्षाचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे, आणि सही शाईची हवी. स्कॅन करून छापलेली किंवा शिक्क्याची सही म्हणजे फॉर्म नाही. लहान पक्षात सही करणारा एकच पदाधिकारी असतो आणि तो त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात असतो. कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून वाटून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही, त्यातून एका जागेला दोन उमेदवार उभे राहतात. नावासकट भरलेले फॉर्म चार दिवस आधी हातात द्या.

अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते, आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच. अर्ज देऊन त्याच खोलीत शपथ घेऊनच बाहेर पडा.

रानवाट

चिन्हाचं कुणी सांगेल का? आमच्या तालुक्यात पक्षाला एका गावात एक चिन्ह आणि पलीकडे दुसरंच, असं झालं की लोक गोंधळतात.

केंद्रनिहाय

@रानवाट, चिन्हांचा १९६८ चा आदेश आहे, त्यात परिच्छेद १०-ब. नोंदणीकृत अमान्यताप्राप्त पक्षाला मुक्त चिन्हांपैकी एक चिन्ह सगळ्या उमेदवारांसाठी समान मिळू शकतं. विधानसभेसाठी अट अशी की राज्यातल्या किमान पाच टक्के जागा लढवायच्या. महाराष्ट्रात २८८ चे पाच टक्के म्हणजे १४.४, म्हणजे १५ जागा. सभागृहाची मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, दहा चिन्हं पसंतीक्रमाने द्यायची, आणि आधी येणाऱ्याला आधी. त्यामुळे पहिल्याच दिवशी अर्ज गेला पाहिजे.

पेच इथेच आहे. पक्षाकडे बूथ असतात तीन मतदारसंघांत आणि चिन्हासाठी उभे करायचे पंधरा. उरलेले बारा उमेदवार नावापुरते, पण त्यांची अनामत, हिशेब, प्रतिज्ञापत्रं सगळं खरंच करावं लागतं. माझं स्पष्ट मत: पंधरा ठिकाणी दहा-दहा धड सूचक मिळत नसतील तर समान चिन्हाचा नाद सोडा. तीन जागा वेगवेगळ्या चिन्हांवर लढवा आणि प्रत्येक ठिकाणी ते चिन्ह दारोदार दाखवा.

चिन्ह मागताना कागदावर बघू नका, यंत्रावर दिसतं त्या आकारात छापून पाहा. दोन बोटांच्या रुंदीत ओळखू आलं पाहिजे. दुसऱ्याच्या चिन्हासारखं दिसणारं चिन्ह किती उलथापालथ करतं ते २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत दिसलं: तिथे तुतारीच्या चिन्हावरच्या अपक्षाने लाखाच्या वर मतं घेतली, आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह वेगळ्याच पक्षाचं होतं.

पाटीपेन्सिल

थोडी भर. यंत्रावरचा क्रम अर्जाच्या तारखेवर नसतो. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या वर्णक्रमाने. एका मतपत्रिका यंत्रावर सोळा बटणं, त्यातलं एक 'नोटा'. म्हणजे पंधराच्या वर उमेदवार झाले की दुसरं यंत्र जोडलं जातं, आणि लहान पक्षाचा उमेदवार पुष्कळदा तिथे जातो. माघारीची मुदत संपली की यादी लागते. त्याच संध्याकाळी क्रमांक आणि 'पहिलं यंत्र' की 'दुसरं यंत्र' हे बघून मगच पत्रक छापायला द्या. आधी छापलेली पत्रकं रद्दीत जातात.

आणि पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता. कलम १२७-अ. प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीसह घोषणापत्र छापखान्याला द्यायचं असतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हिशेबनीस

पैशाचं मी सांगतो. लहान पक्षात 'आपण कुठे पैसे वाटतो, आपल्याला कोण विचारणार' अशी समजूत असते. विचारतात, आणि पैसे कमी असणाऱ्यालाच जास्त जड जातं.

विधानसभेची खर्चमर्यादा महाराष्ट्रात ४० लाख, लोकसभेची ९५ लाख. आपण तिथवर जात नाही हे खरं, पण हिशेब देणं मर्यादेवर अवलंबून नसतं. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सगळा खर्च, निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. दिला नाही, किंवा पद्धतीप्रमाणे दिला नाही, तर कलम १०-अ खाली तीन वर्षांची अपात्रता. पडलेल्या उमेदवारालाही. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार होते, त्या प्रत्येकाला हे लागू होतं. पक्ष ज्याला पुढच्या वेळी उभं करणार तोच अपात्र झाला की पाच वर्षांचं काम वाया.

निवडणुकीचं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी, उमेदवाराच्या एकट्याच्या नावे किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त. बायकोबरोबरचं जुनं खातं चालत नाही. एका माणसाला किंवा संस्थेला संपूर्ण प्रचारात १०,००० च्या वर रोख द्यायची नाही. मंडपवाल्याला तीन वेळा चार-चार हजार रोख दिले की मर्यादा ओलांडली, आणि हे लक्षात येतं थेट तपासणीच्या टेबलावर.

नोंदवहीचे तीन भाग: रोजच्या खर्चाची पांढरी पानं, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. रोज रात्री भरा. प्रचारकाळात किमान तीन वेळा ती खर्च निरीक्षकासमोर न्यावी लागते. तिथे त्यांची स्वतःची छाया नोंदवही असते. तुमच्या सभेचं चित्रीकरण बघून त्यांनी खुर्च्या मोजलेल्या असतात आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाने पैसे लावलेले असतात. तुम्ही मित्राच्या खुर्च्या फुकट आणल्या असल्या तरी त्या दराने खर्चात आणि तेवढीच रक्कम मदत म्हणून जमेत दाखवायची. 'फुकट मिळालं' याला हिशेबात जागा नाही.

पक्षाचं खातं वेगळं. २,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीने घेतली की पक्षाची आयकरातली सूट धोक्यात. २०,००० च्या वरच्या देणग्यांची यादी नमुना २४-अ मध्ये दरवर्षी आयोगाला. ही कागदपत्रं आणि निवडणूक लढवणं, दोन्हीकडे दुर्लक्ष करणाऱ्या पक्षांवर आता खरोखर कारवाई होते. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. कुठल्याही लहान पक्षाचं सदस्यत्व घेण्याआधी तो पक्ष आयोगाच्या चालू यादीत आहे का हे बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सावलीतलाझाड

घरात एकजण सरकारी नोकरीत असेल तर दुसऱ्याला काम करता येतं का? आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून देणगी?

हिशेबनीस

@सावलीतलाझाड, बंदी कर्मचाऱ्यावर आहे, घरच्यांवर नाही. पण सरकारी निवासस्थानावर पक्षाचा झेंडा किंवा कर्मचाऱ्याच्या गाडीवर चिन्हाचा स्टिकर लावू नका, तो वर्तणूक नियमांचा भंग ठरतो. सरकारी कर्मचाऱ्याला पोलिंग एजंट करणं तर अजिबात नाही. कलम १३४-अ, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि ती त्या कर्मचाऱ्याला.

परदेशातला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर देणगी देऊ शकतो. त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी स्रोत ठरतो. घेऊ नका. ऑनलाइन देणगीच्या पानावर हा प्रश्न आधी विचारून होय-नाही उत्तर नोंदवून ठेवा.

एकशेपंचाहत्तर

हे सगळं ठीक, पण शेवटी लहान पक्ष मतं खातो, हे तुम्ही टाळून चाललात. पडणार हे माहीत असताना लोकांचं मत वाया का घालवायचं?

केंद्रनिहाय

@एकशेपंचाहत्तर, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर भूगोलात आहे. सगळीकडे पातळ पसरलेला पक्ष मतं खातो. एका जागी दाट असलेला पक्ष निवडून येतो. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेत गेले, आणि २०२४ ला राज्यभर आघाड्यांची लाट असतानाही शेकापला मिळालेली एकमेव जागा सांगोल्याचीच.

मांडवीकाठ

गोव्याचं उदाहरण थोडं वेगळं आहे. इथे चाळीस मतदारसंघ आणि प्रत्येक इतका लहान की पायी फिरता येतो. २०२२ ला रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाची जागा एकच आली, सांत आंद्रेची, पण राज्यभरातली मतं नऊ टक्क्यांच्या वर गेली. आठ टक्के वैध मतं मिळाली की जागा किती हे न बघता राज्य पक्षाची मान्यता मिळते, आणि ती मिळाली. मान्यता म्हणजे राखीव चिन्ह, एक सूचक, यादीच्या प्रती. म्हणजे जी मतं 'वाया' गेली म्हणतात त्यांनीच पुढच्या वेळची वाट मोकळी केली. महाराष्ट्रात आठ टक्के हा फार उंच कडा आहे हे मान्य. म्हणूनच तिथे आधी मतदारसंघ, मग राज्य.

अनामतीचं गणितही असंच बघावं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मिळाली तरच ती परत मिळते. दोन लाख वैध मतं असतील तर ३३,३३४. तुमच्या पेन्सिलीच्या याद्या मिळून तेवढी मतं होतात का, ते अर्ज भरण्याआधी मोजा.

पहाटपाच

मतदानाच्या दिवसाचं राहिलंच. तिथे लहान पक्ष सगळ्यात जास्त गमावतो.

पोलिंग एजंटची नेमणूक नमुना १० वर. सही उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची. केंद्राध्यक्षाकडे या दोघांच्या सहीचा नमुना असतो, तालुकाध्यक्षाने सही केलेला फॉर्म तो परत देतो. एका केंद्रावर एक एजंट आणि दोन बदली. मतदान सातला सुरू होतं, अभिरूप मतदान (यंत्राची चाचणी) त्याआधी दीड तास, म्हणजे साडेपाचला. एजंट सव्वापाचला दारात हवा. आलाच नाही तर त्याच्यासाठी फार वेळ थांबत नाहीत.

अभिरूप मतदानात किमान पन्नास मतं टाकतात. मग कंट्रोल युनिटवर (केंद्राध्यक्षाकडच्या, मतं साठवणाऱ्या यंत्रावर) क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमाने. आकडे जुळले का बघा, क्लिअर केल्यावर एकूण शून्य दिसतं का बघा, व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) पेटीतल्या चिठ्ठ्या काढल्या का बघा. क्लिअर करायचं राहून गेलं तर ती पन्नास मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मतमोजणीला त्या यंत्राचा घोळ होतो. कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि हिरव्या कागदी सीलचा क्रमांक वहीत उतरवून घ्या, सीलवर सही करा. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून वही आणि दोन पेनं. दिवसभर खूण करत गेलेली यादी केंद्राबाहेर न्यायची नाही. जेवायला जाताना ती बदली एजंटच्या हातात द्यायची.

संध्याकाळी सहा वाजता रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या मिळतात, त्यांचं मतदान होईपर्यंत उठायचं नाही. आणि शेवटी १७-सी. नोंदवलेल्या मतांचा हिशेब. केंद्राध्यक्षाने त्याची प्रत हजर एजंटला द्यायचीच असते, १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला नियम ४९-एस. हजर एजंटला. सहालाच निघून गेलेल्या एजंटला नाही.

सगळ्या केंद्रांवर एजंट पुरणार नाहीत. तीनशे केंद्रांच्या मतदारसंघात चाळीस माणसं असतील तर ज्या वीस ठिकाणी यादीवर काम झालंय तिथेच बसवा. प्रत्येक ठिकाणी तिघं नसतील तर दोघं चालतील, एकट्याला मात्र बसवू नका. एकटा माणूस तेरा-चौदा तास टिकत नाही.

वॉर्डचार

महापालिकेसाठी एक भर. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याच्याकडे पक्षाची नोंदणी वेगळी लागते. केंद्रीय आयोगाची नोंदणी पुरत नाही. सूचकांच्या आणि अनामतीच्या अटीही वेगळ्या, त्या त्या वेळची पुस्तिका घ्या. २००१ च्या सप्टेंबरनंतरचं तिसरं अपत्य, कराची थकबाकी आणि जात वैधता प्रमाणपत्र, या तिन्हींची खातरजमा अर्जाच्या महिनाभर आधी करा.

मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग. तिथे मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात, आणि मोठे पक्ष 'चारही बटणं एकाच चिन्हाची' असा प्रचार करतात. लहान पक्षाचा उमेदवार एकट्या 'क' मध्ये असेल तर 'आम्हाला मत द्या' हे वाक्य पुरत नाही. सांगायचं असं: 'क मध्ये आमचं चिन्ह दाबा, बाकी तीन तुमच्या मनाने, पण चारही पूर्ण करा.' नमुना यंत्राचा पुठ्ठा करून चारही गट वेगळ्या रंगात रंगवा आणि दारात मतदाराच्या बोटानेच दाबून घ्या. हे न केल्यास मतदार 'अ' मध्येच आपलं चिन्ह शोधतो, सापडत नाही, आणि मागे रांग असल्याने जे दिसेल ते दाबून मोकळा होतो.

रानवाट

फार उपयोगी धागा. एक शेवटचं: १७-सी च्या प्रती जमवून पुढे काय करायचं?

पहाटपाच

@रानवाट, मतदानाच्या रात्रीच सगळ्या प्रती एका जागी आणा आणि तक्त्यात भरा: केंद्र क्रमांक, कंट्रोल युनिट क्रमांक, एकूण मतं. मतमोजणी प्रतिनिधींची यादी फोटोसकट मोजणीच्या तीन दिवस आधी द्यायची, नमुना १८. आपल्या माणसाला टेबलाशी मागची जागा मिळते, कारण मान्यताप्राप्त पक्ष आधी, मग नोंदणीकृत, मग अपक्ष. त्यामुळे चष्म्याचा नंबर नीट असलेला, आवाज न चढवणारा माणूस पाठवा. यंत्र टेबलावर आलं की आधी त्याचा क्रमांक आणि एकूण मतं तक्त्याशी जुळवायची, मग उमेदवारांची मतं लिहायची. आकडा जुळला नाही तर तिथल्या तिथे पर्यवेक्षकाला दाखवायचं आणि लेखी द्यायचं. फेरमोजणीची मागणीही एकूण मतं जाहीर झाल्यावर, निकाल घोषित होण्याआधी, लेखीच करायची, नियम ६३. उच्च न्यायालयातल्या निवडणूक याचिकेला निकालापासून ४५ दिवस असतात, तोवर एकही प्रत इकडची तिकडे होऊ देऊ नका. नंतर त्याच तक्त्यावरून केंद्रनिहाय मतं त्या पेन्सिलीच्या याद्यांच्या पहिल्या पानावर उतरवा, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या केंद्रावर किती माणसं लागतील ते त्याच कागदावर मिळेल.